कुठले जाधव?

आमच्या मेसच्या वहीत सध्या चार जाधव आहेत. महिन्याचं बिल लागलं की घोळ ठरलेला. माझं जादा ऑम्लेट दुसऱ्या मजल्यावरच्या जाधवच्या नावावर, त्याच्या पाहुण्याचं जेवण माझ्या बोकांडी! शेवटी काकांनी आडनावापुढे रूम नंबर लिहायला सुरुवात केली. काकांना तेवढं पुरतं. बाकीच्यांना मात्र पुरत नाही.

फर्स्ट इयरला आल्यापासून आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न हजर : "कुठले जाधव?" मी भाबडेपणानं गावाचं नाव सांगायचो. समोरचा हसायचा, "तसं नाही रे, म्हणजे... कुठले?" दोन-तीनदा असं झाल्यावर ट्यूब पेटली. त्याला गाव नको होतं, जात हवी होती! जाधव मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कितीतरी समाजांत आहेत. आडनावावरून अंदाज येत नाही, म्हणून ही चौकशी.

मग एकदा मीच यादी काढली. सिंदखेडराजाचे लखुजी जाधव, म्हणजे जिजाऊंचे वडील. औरंगजेबाच्या फौजेला जेरीस आणणारे सेनापती धनाजी जाधव. कामगाराच्या घरात वाढून रिझर्व्ह बँकेत अर्थतज्ज्ञ आणि २००६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झालेले, 'आमचा बाप आन् आम्ही' लिहिणारे डॉ. नरेंद्र जाधव. १५ जानेवारी २०१७ ला पुण्यात इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० धावा ठोकणारा केदार जाधव. यांत काय समान आहे? एक आडनाव! बाकी ज्यानं त्यानं आपापल्या हिमतीवर केलं.

यादीत माझा सगळ्यात लाडका माणूस म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण जायलाच पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या प्राचार्यांचं आडनाव होतं खर्डेकर. आपला विद्यार्थी आहे, एवढं नातं त्यांना पुरलं.

हे सगळं मी शहाणपणा शिकवायला लिहीत नाहीये. खोटं कशाला बोलू? गेल्या वर्षी एक नवा जाधव आमच्या टेबलावर जेवायला बसला, तेव्हा हाच प्रश्न मीही विचारला. तोच सूर, तेच हसू. ज्या प्रश्नानं मी स्वतः अवघडलो होतो, तोच माझ्या तोंडून सहज गेला. तो काहीच बोलला नाही. मान खाली घालून जेवला, ताट उचललं आणि पुन्हा आमच्या टेबलावर कधी बसला नाही. मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. हा लेख त्यानं वाचला तर बरं, पण लेख लिहून भागणार नाही, हेही कळतं.

मित्रांनो, रूम पार्टनर निवडताना, गॅदरिंगची कमिटी ठरवताना, अगदी नोट्स देतानासुद्धा हा प्रश्न आपल्यात हळूच फिरत असतो. चार वर्षं एका नळावर दात घासणाऱ्यांना तो शोभत नाही.

आता मला कुणी "कुठले जाधव?" विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. रूम नंबर ११४ चे! काकांच्या वहीत बघा.