बालकांतील तमकश्वास : गणनेची आवश्यकता

‘हल्ली मुलांमध्ये दमा फार वाढला आहे’ हे विधान आपल्या परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. तो किती वाढला, कोठे वाढला आणि कोणत्या कालावधीत वाढला, असे विचारल्यास मात्र आपण वैद्य निरुत्तर होतो.

‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय पाहणीने १९९० च्या दशकात ६-७ व १३-१४ वर्षांच्या मुलांविषयी सर्वत्र सारखेच साधे प्रश्न विचारले. गेल्या १२ महिन्यांत छातीत घुरघुर किंवा शिट्टीसारखा आवाज झाला काय, हा त्यांतील प्रमुख प्रश्न होता. १९९८ साली ५६ देशांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत मुंबई, पुणे व अकोला येथील मुलेही होती. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे प्रमाण सर्वाधिक, तर भारतात त्या मानाने अल्प आढळले. २००६ साली पुनर्पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ब्रिटन व न्यूझीलंडमधील १३-१४ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण उतरले होते. पूर्वी अल्प प्रमाण असलेल्या अनेक ठिकाणी ते चढले होते. म्हणजे ‘सर्वत्र वाढ’ हे सरसकट विधान टिकत नाही.

शिवाय केवळ निदान झालेले रुग्ण मोजणेही फसवे ठरते. ‘ग्लोबल अस्थमा नेटवर्क’च्या २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत घुरघुर असणाऱ्या मुलांपैकी व पालकांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना दम्याचे निदान झालेलेच नव्हते. उद्या निदान सुधारले, तर व्याधी न वाढताही आकडा वाढेल.

आमच्या दृष्टीने याचे महत्त्व अधिक आहे. चरकाचार्यांनी घुर्घुरक हे तमकश्वासाचे लक्षण सांगितले आहे. हा व्याधी याप्य, परंतु नवोत्थित असता साध्य, असेही त्यांनी म्हटले आहे. निदानावाचून राहिलेले बालक ही साध्यावस्था गमावते.

यास्तव आम्ही सुचवितो की, प्रत्येक शाखेने एक शाळा निवडावी, आरोग्य तपासणीत हाच प्रश्न याच शब्दांत विचारावा व पाच वर्षांनी त्याच वयोगटात पुन्हा विचारावा. लक्षणे आढळलेल्या बालकाची पूर्ण तपासणी व्हावी. तीव्र वेगावस्थेत त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे आणि चालू असलेले श्वसनमार्गे घ्यावयाचे औषध परस्पर बंद करू नये. आपल्या चिकित्सेचे यश सांगण्यापूर्वी व्याधीचे मान जाणणे, हे वैद्याचे प्रथम कर्तव्य होय.