त्या लोखंडाचे पुढे काय झाले?

ईदच्या दुपारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. २००९ साली तो आठवीत होता. आता मालवाहू जहाजावर इंजिन विभागात नोकरीला आहे आणि या वेळी नेमका ईदला सुट्टीवर होता. शीरखुर्मा झाला, घरच्यांची खुशाली विचारून झाली. माझ्या मुलीने सोड्याची बाटली आणून झाकण फिरवले आणि अर्धा सोडा फसफसत दस्तरखानावर सांडला. बाटली सकाळपासून खिडकीत उन्हात राहिली होती. फ्रिजमधली दुसरी बाटली उघडली, तर ती नुसती ‘फुस्स’ करून गप्प बसली.

भिजलेली बाही झटकत तो हसला. म्हणाला, “टीचर, तुम्ही वर्गात असाच सोडा उघडून दाखवला होता. आणि समुद्रात लोखंड टाकायचं काहीतरी सांगितलं होतं. त्या लोखंडाचं पुढे काय झालं?”

मला उत्तर देता आले नाही. त्या वर्षी वर्तमानपत्रातले एक कात्रण मी फळ्याशेजारी लावले होते. आपले शास्त्रज्ञ दक्षिणेच्या समुद्रात लोखंड टाकून हवेतला कार्बन समुद्रात जिरवणार आहेत, असे मी मोठ्या अभिमानाने मुलांना सांगितले होते. मग वार्षिक परीक्षा आली, कात्रण उतरले आणि निकाल काय लागला हे मी स्वतःही पाहिले नाही. ते राहिलेले उत्तर आज लिहिते आहे.

सुरुवात सोड्यापासूनच करू. सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड विरघळवलेले पाणी. साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, वायूंचे मात्र उलट आहे. पाणी जितके थंड, तितका वायू त्यात जास्त मावतो. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट शून्य अंशाच्या पाण्यात विरघळतो. उन्हातल्या बाटलीतल्या पाण्याला तो धरून ठेवता येत नाही, म्हणून झाकण उघडताच तो उसळून बाहेर येतो.

समुद्रालाही हाच नियम लागू आहे. आपल्या गाड्या, कारखाने आणि वीजकेंद्रे दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात, त्यातला साधारण एक चतुर्थांश जगातले समुद्र शोषून घेतात. यात मोठा वाटा अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड दक्षिण महासागराचा आहे. तिथे वारा सतत घोंघावत असतो, लाटा हवा आणि पाणी घुसळत राहतात आणि गार पाणी वायू आत घेते. अंटार्क्टिकाच्या कडेला समुद्राचे पाणी गोठते तेव्हा त्यातले बरेचसे मीठ मागे राहते. उरलेले पाणी जास्त खारट, जास्त थंड आणि म्हणून जड होते आणि तळाकडे बुडते. विरघळलेला वायूही त्याच्याबरोबर खाली जातो. तळाचे हे पाणी पुन्हा वर यायला शेकडो वर्षे लागतात.

वायू खाली नेण्याचा दुसरा मार्ग जीवांचा आहे. समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्यांना वनस्पती प्लवक म्हणतात. शेतातल्या पिकासारख्या त्याही कार्बन डायऑक्साइड घेऊन सूर्यप्रकाशात वाढतात. त्या मेल्या किंवा कोणी खाऊन त्यांची विष्ठा खाली पडली, की थोडा कार्बन तळाकडे जातो.

आता लोखंडाची गोष्ट. दक्षिण महासागरात नायट्रेट, फॉस्फेट ही खते भरपूर आहेत, तरी प्लवकांचे पीक बेताचेच येते. अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याचे कारण मांडले: तिथे लोखंड कमी पडते. इतर समुद्रांवर वाळवंटांतली धूळ वाऱ्याने येऊन पडते आणि त्या धुळीत लोखंड असते. या दूरच्या समुद्रावर ती फारच थोडी पोहोचते. मार्टिन गमतीने म्हणत, की अर्धा टँकर लोखंड मिळाले तर मी तुम्हाला हिमयुग आणून देतो. गमतीतली ही कल्पना पुढे अनेक जहाजांनी खरोखर करून पाहिली.

माझ्या कात्रणातला प्रयोग त्यातलाच. त्याचे नाव ‘लोहाफेक्स’. नावातला पहिला शब्द आपला ‘लोहा’च आहे. गोव्यात दोना पावला इथे असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून तो आखला होता. नेतृत्व दोघांकडे होते: गोव्याच्या संस्थेचे सय्यद वजीह अहमद नक्वी, जे पुढे तिचे संचालकही झाले, आणि भारतात वाढलेले जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर स्मेटासेक. जानेवारी २००९ मध्ये ‘पोलारस्टर्न’ हे संशोधन जहाज केपटाऊनहून निघाले. शास्त्रज्ञांत निम्म्याहून अधिक भारतीय होते.

जहाज निघताच वाद पेटला. समुद्रात असे खत टाकू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराच्या बैठकीत आदल्याच वर्षी ठरले होते; किनाऱ्याजवळच्या लहान प्रयोगांना तेवढी सूट होती. पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला. जर्मन सरकारने प्रयोग थांबवायला सांगितले, धोक्याची पुन्हा तपासणी करून घेतली आणि जानेवारी संपता संपता परवानगी दिली.

आक्षेपाला कारण होते. प्लवके मोठ्या प्रमाणावर मरून कुजली, की पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि ऑक्सिजन कमी झालेल्या पाण्यात नायट्रस ऑक्साइड तयार होऊ शकतो. हा वायू वजनाला वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींहून अधिक उष्णता अडवतो. गंमत अशी, की हे नक्वींइतके जाणणारे लोक थोडे होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत, म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्याच समुद्रात, पावसाळ्याच्या उत्तरार्धात खालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि हाच वायू साठतो, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले होते. म्हणजे समुद्र वायू नुसता पोटात घेत नाही, तो परतही करतो.

प्रयोगासाठी समुद्रातला एक मोठा भोवरा निवडला गेला, म्हणजे आतले पाणी गोल फिरत एकाच जागी राहील. त्याच्या मध्यभागी सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर लोखंडाचे क्षार सोडले आणि ३९ दिवस त्या पाण्यावर पाळत ठेवली. पहिल्या दोन आठवड्यांत प्लवके दुपटीच्या आसपास वाढली. इथपर्यंत सगळे माझ्या कात्रणाप्रमाणे झाले.

मग वाढ थांबली. कोपेपॉड नावाचे मोहरीएवढे कवचधारी जीव पिकावर तुटून पडले आणि त्यांना खायला त्यांच्याहून मोठे, झिंग्यांसारखे जीव जमले. खाणाऱ्यांच्या श्वासावाटे कार्बन पुन्हा पाण्याच्या वरच्या थरात आला. तळाकडे फारच थोडा गेला. डायटम नावाची, काचेसारख्या कवचाची प्लवके वाढली असती तर चित्र वेगळे दिसले असते, कारण ती जड असतात आणि खाणाऱ्यांना सहज दाद देत नाहीत. पण कवचासाठी त्यांना सिलिका लागते आणि त्या पाण्यातली सिलिका आधीच्या पिकांनी संपवलेली होती. २००४ साली याच महासागरात, याच जहाजाने, सिलिका असलेल्या पाण्यात असाच प्रयोग केला होता. तेव्हा डायटम भरघोस आली आणि त्यांच्यातला निम्म्याहून अधिक भाग १००० मीटरच्या खाली बुडाला. म्हणजे लोखंड एकच, समुद्रही एकच, पण कुठे टाकले यावर सगळे अवलंबून.

तेव्हा बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: लोखंडाने प्लवके वाढली, पण हवेतला कार्बन मोजण्याइतका कमी झाला नाही. प्रयोग फसला असे मात्र मी म्हणणार नाही. जे होईल असे वाटत होते ते का झाले नाही, हे त्यातून कळले. फसले होते ते माझे शिकवणे. प्रश्न सुटल्यासारखा मी तो सांगितला आणि ‘समुद्र आहे ना’ असे तुमच्या मनावर ठसवले.

समुद्र आधीच बरेच सोसतो आहे. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे पाण्याशी मिळून आम्ल बनते. औद्योगिक काळाच्या सुरुवातीपासून समुद्राच्या वरच्या पाण्याची आम्लता जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली आहे. थंड पाणी वायू जास्त घेते, म्हणून फटकाही तिथेच आधी दिसतो. २००८ साली दक्षिण महासागरातून गोळा केलेल्या टेरोपॉड या इवल्या सागरी गोगलगायींची कवचे विरघळू लागलेली आढळली. मासे, पक्षी आणि देवमासेही या गोगलगायी खातात. दुसरी गोष्ट त्या खिडकीतल्या बाटलीने सांगितलीच आहे. समुद्र जसजसा तापेल, तसतशी त्याची वायू धरून ठेवण्याची ताकद कमी होईल.

पालकांना एक विनंती. सोड्याच्या दोन लहान बाटल्या घ्या, एक फ्रिजमध्ये आणि एक उन्हात तासभर ठेवा आणि मोरीत उघडा, दस्तरखानावर नको. मुले कारण विचारतील तेव्हा सोड्यावरून समुद्रापर्यंत जा आणि तिथून घरातल्या वीजमीटरपर्यंत परत या. जो वायू हवेत सोडलाच नाही, तो जिरवायला लोखंडही लागत नाही आणि भोवराही.

माझा विद्यार्थी पुढच्या महिन्यात पुन्हा जहाजावर जाईल. त्याच्या इंजिनाचा धूरही या हिशेबात आहे, हे त्याने स्वतःच निघताना सांगितले. जुने कात्रण मला सापडलेले नाही. या लेखाची एक प्रत मात्र मी फळ्याशेजारी लावणार आहे, त्याच जागी.