मुलांची ‘कॅन्सर मार्कर’ चाचणी करावी का?

घरात किंवा शेजारी कोणाला कर्करोग झाला की पालकांना पहिली धास्ती मुलांची वाटते. जुईनगरसारख्या उपनगरात आता मोबाइलवर ‘कॅन्सर मार्कर’चे पॅकेज निवडले की रक्त घ्यायला माणूस घरी येतो. तरीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय निरोगी मुलाची ही चाचणी करू नये.

ट्यूमर मार्कर म्हणजे गाठीमुळे रक्तात किंवा लघवीत वाढणारा पदार्थ. यकृताच्या हिपॅटोब्लास्टोमात आणि जननपेशींच्या काही गाठींत ‘एएफपी’ वाढते. न्यूरोब्लास्टोमात लघवीतील ‘व्हीएमए’ आणि ‘एचव्हीए’ पाहतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग मात्र या चाचण्यांत सापडत नाही. त्याचा पहिला सुगावा बहुधा साध्या सीबीसीत लागतो. म्हणून मार्कर ‘नॉर्मल’ आले या भरवशावर ताप अंगावर काढणे धोक्याचे.

उलटही घडते. नवजात बाळाचे एएफपी मुळातच हजारोंच्या घरात असते आणि साधारण पहिल्या वर्षात उतरते. रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापली असेल, तर धडधाकट बाळाच्या नावापुढेही ‘हाय’ येते.

जपानने सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासण्याची देशव्यापी मोहीम राबवली. न्यूरोब्लास्टोमाच्या गाठी सापडल्या. पण त्यांतल्या कित्येक आपोआप विरणाऱ्या होत्या. बाळांवर नाहक उपचार होऊ लागले, जीव वाचल्याचा ठोस पुरावा मिळेना. २००४ मध्ये मोहीम बंद झाली.

मग मार्कर निरुपयोगी का? मुळीच नाही. गाठ पूर्ण निघाली, तर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मे होते. घसरण अडली किंवा आकडा पुन्हा चढला, तर डॉक्टर सावध होतात. उपचार सुरू असलेल्या मुलाची चाचणी म्हणूनच शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी आणि रिपोर्ट तारीखवार जपावेत.

पोटात गाठ, डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, न हटणारा ताप, मार न लागता उठणारे निळे डाग, सकाळची डोकेदुखी व उलटी यांपैकी काही दिसले, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढची वाट जुईनगरकरांना दूर नाही. पनवेल लोकलने चौथे स्थानक खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ संस्था आहे.

प्रयोगशाळांनीही मुलांच्या रिपोर्टवर वयानुसार मर्यादा छापावी आणि चिठ्ठीशिवाय मुलांना मार्करची पॅकेजे विकू नयेत.