एकवीस हजारांची खोटी शपथ

शाळा सुटल्यावर आमच्या पडवींत म्हातारीकोतारी माणसें अर्ज लिहून घेण्यास येऊन बसतात. कोणाचा श्रावणबाळाचा अर्ज असतो, कोणा विधवेचा संजय गांधी निराधाराचा. वार्षिक उत्पन्नाचा रकाना आला कीं आमची लेखणी थांबते. परवां एका म्हातारीनें विचारलें, “गुरुजी, खरं सांगू, का पगार मिळंल ते सांगू?” या प्रश्नांत साऱ्या योजनेचें मर्म आलें आहे.

निराधारांची ही योजना महाराष्ट्रांत 1980 सालीं निघाली. पुढें 65 वर्षांवरील वृद्धांकरितां श्रावणबाळ योजना झाली. 2023 सालीं दरमहाची रक्कम 1,000 वरून 1,500 रुपये झाली. त्याबद्दल सरकारास दोष कोण देईल? पण ज्याचें नांव दारिद्र्यरेषेच्या यादींत नाहीं, त्याच्या कुटुंबाचें वर्षाचें उत्पन्न 21,000 रुपयांच्या आंत असावें, ही अट मात्र तशीच राहिली. म्हणजे साऱ्या घरानें दिवसाला 58 रुपयांत भागवावें!

2024–25 सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीची मजुरी रोजची 297 रुपये होती. त्या दरानें घरांतील एकानें 71 दिवस माती उपसली कीं 21,087 रुपये झाले, आणि घरची म्हातारी अपात्र ठरली. कामाची हमी देणारें सरकारच एकाहत्तराव्या दिवशीं आईचें अनुदान तोडतें, याला न्याय म्हणावें काय?

आणखी पाहा. 2024 सालीं लाडकी बहीण योजना आली, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख ठेवली. एकाच चुलीवर जेवणारी चाळीस वर्षांची सून पात्र आणि सत्तर वर्षांची सासू अपात्र! सुनेचें काढून घ्या असें आम्ही म्हणत नाहीं. सासूला त्याच मापानें मोजा, एवढेंच आमचें म्हणणें.

कोणी म्हणेल, मर्यादा वाढविल्यास तिजोरीवर भार पडेल, लबाड लोक शिरतील. लबाड तर आजहि शिरतात. ज्याच्या ओळखीचा दलाल आहे, त्याला वीस हजारांचा दाखला मिळतो. जो खरें बोलतो तो उपाशी राहतो. जी अट पाळणें अशक्य, ती गरिबाला खोटें बोलावयास शिकविते आणि दाखला देणाराच्या हातीं त्याची शेंडी देते.

म्हातारपणीं, आजारांत व अपंगत्वांत सरकारी साह्य मिळावें, असें आमच्या राज्यघटनेच्या 41 व्या कलमांत लिहिलें आहे. तेव्हां ही भीक नव्हे. ज्यांनीं उभा जन्म दुसऱ्यांचीं शेतें पिकविलीं, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या. आतां यंत्रावर अंगठा उमटत नाहीं म्हणून त्यांना हेलपाटे घालावयास लावणें ही लाजेची गोष्ट होय.

आमच्या मागण्या तीनच. उत्पन्नाची मर्यादा सर्वांस एक असावी. अनुदान महिन्याच्या ठरल्या तारखेस जमा व्हावें. अंथरुणास खिळलेल्यांचा हयातीचा दाखला गांवकामगारानें घरीं जाऊन घ्यावा.

आणि शिकल्यासवरल्या तरुणांस एक सांगणें : मंजूर व नामंजूर नांवांची यादी ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावयास लावा, आणि म्हाताऱ्यांचे अर्ज एक पैसा न घेतां लिहून द्या. त्या म्हातारीस आम्ही खरें तेंच लिहावयास सांगितलें. तिचा अर्ज नामंजूर झाला, तर त्याची लाज तिला नव्हे, अट घालणारास वाटली पाहिजे.