आधी कॅमेरा, मग कुदळ

रस्ता फोडायचा, वाहिनी दुरुस्त करायची, चर बुजवायचा आणि पहिल्याच पावसात तो खचला की पुन्हा खडी टाकायची, हा आपल्या शहरांतला क्रम बदलायला हवा. मुंबईच्या जुन्या शहर भागात ब्रिटिश काळातल्या विटांच्या मलवाहिन्या आजही वापरात आहेत. त्यांच्या डोक्यावर केबल, पाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या आणि अहोरात्र वाहतूक आहे. तिथे प्रत्येक तड्यासाठी खोदकाम करणे परवडणारे नाही.

पर्याय जुना आणि पारखलेला आहे. १९७१ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात एरिक वूड या अभियंत्याने विटांच्या अंडाकृती गटाराला आतून अस्तर लावले. पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेली फेल्टची नळी पाण्याच्या किंवा हवेच्या दाबाने, मोजा उलटावा तशी, वाहिनीत उलगडत नेतात. गरम पाणी, वाफ किंवा अतिनील किरणांनी रेझिन कडक होते आणि जुन्या वाहिनीच्या पोटात नवी, बिनसांध्याची वाहिनी तयार होते. मग घरांच्या जोडण्यांची तोंडे रोबो आतूनच कापून मोकळी करतो. हॅकनीतल्या अस्तराचा तुकडा वीस वर्षांनी तपासला, तेव्हा ते शाबूत होते.

मात्र हा सर्व रोगांवरचा इलाज नव्हे. वाहिनी पुरती कोसळली असेल, तिचा उतार बिघडला असेल किंवा वाढत्या वस्तीला ती अपुरी पडत असेल, तर खोदावेच लागेल. म्हणून आधी वाहिनी यंत्राने साफ करून कॅमेऱ्याने तपासली पाहिजे. त्यासाठी माणूस मॅनहोलमध्ये उतरवणे आम्हाला मुळीच मान्य नाही. अशा जीवघेण्या सफाईला २०१३ च्या कायद्यानेही मनाई केली आहे.

धोका रेझिनमध्येही आहे. बहुतेक पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की, कामाच्या जागेवरून उठणारा पांढरा लोट निव्वळ वाफ नसतो, त्यात घातक रसायने असतात. ती शेजारच्या घरांच्या नळ्यांतून आत शिरू शकतात. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीसाठी तर वेगळे, प्रमाणित साहित्यच हवे.

अंदाजपत्रकात खोदकाम स्वस्त दिसते, कारण दुकानदाराचा बुडालेला धंदा आणि कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका त्यात धरलेली नसते. हा खर्चही मोजावा. कॅमेरा तपासणीचा अहवाल, रहिवाशांना पूर्वसूचना, वायूची मोजणी आणि बसवलेल्या अस्तराच्या नमुन्याची चाचणी या अटी निविदेत नसतील, तर पालिकांनी तो प्रस्ताव मंजूर करू नये.