अर्धवट दाखल्यावर थांबू नका

दिव्यांग प्रमाणपत्राच्या अनुभवांविषयी वाचकांनी लिहावे, असे आम्ही मागच्या अंकात सुचवले होते. पत्रांचा ओघ अजून थांबलेला नाही. त्यात लहान मुलांविषयीच्या तक्रारी तुलनेने कमी आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाचा ऑटिझम आता वैद्यकीय बोर्डाच्या ओळखीचा झाला आहे. बहुतेक पत्रे विशी-तिशीतल्या माणसांच्या घरून आली आहेत. मुळात ऑटिझम, आणि वर वर्षानुवर्षांचे नैराश्य, ओसीडी, बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया. अशा माणसाला टेबलापलीकडून विचारले जाते, ‘यातलं नक्की काय लिहायचं? एक सांगा.’

हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ऑटिझम वेगळा आहे, मानसिक आजार वेगळा आहे, आणि एकाहून अधिक दिव्यांगत्वे एकत्र असण्याचा प्रकारही त्याच यादीत आहे. दोन टक्केवाऱ्या एकत्र कशा करायच्या, याचे सूत्र मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांत छापलेले आहे. 90 मधून मोठी टक्केवारी वजा करायची, उरलेल्याला लहान टक्केवारीने गुणून 90 ने भागायचे आणि येईल ते मोठ्या टक्केवारीत मिळवायचे. अस्थिव्यंगाच्या टेबलावर हे सूत्र रोज वापरले जाते. मनोविकारांच्या टेबलावर आले की त्याची आठवण कोणालाच राहत नाही.

यात काय जाते ते पाहा. आयसा या ऑटिझम मोजण्याच्या पट्टीवर 89 ते 105 गुण म्हणजे 60 टक्के ऑटिझम. त्याच माणसाचा मानसिक आजारही 60 टक्के भरला, तर सूत्राने एकूण 80 होतात. 80 ला प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत 75,000 ऐवजी 1,25,000 रुपयांची वजावट मिळते, दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनाचा दरवाजा उघडतो आणि नियमांच्या 2024 च्या दुरुस्तीनंतरचे निळे यूडीआयडी कार्ड हाती येते. एकच निदान लिहिले की तोच माणूस 60 वर, पिवळ्या कार्डावर राहतो. त्यातही बोर्डाने फक्त ‘मानसिक आजार’ लिहिले तर नॅशनल ट्रस्टच्या सगळ्या सोयी गेल्या. ट्रस्टच्या 1999 च्या कायद्यात ऑटिझम आहे, मानसिक आजार नाही. म्हणजे निरामय योजनेचा एक लाखाचा आरोग्य विमा गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून मिळणारे पालकत्वही गेले. आईवडील साठीच्या पुढे गेलेल्या घरात ही शेवटची गोष्ट सर्वांत महाग पडते.

आमच्यासमोर अशीच एक फाईल आहे. मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर. गाडीचा आवाज आणि गर्दी त्याला सोसत नाही. गासहून नालासोपारा स्टेशन, विरारला उतरून डहाणू लोकल, मग पालघर, असा प्रवास कानावर हात ठेवून करत तो रुग्णालयात पोचला. मानसोपचार विभागाने सांगितले, ऑटिझम लहान मुलांचा असतो, बालरोग विभागात जा. बालरोग विभागाने वय बघून परत पाठवले. आयसा ही पट्टी 3 ते 22 वर्षांच्या व्यक्तींवर प्रमाणित केलेली आहे, ही अडचण खरी आहे. पण कायद्यात ऑटिझमला वयाची अट नाही, आणि बाविसावे वर्ष उलटले म्हणून ऑटिझम संपत नाही. शेवटी मुलाशी थोडा वेळ बोलून शेरा पडला: ‘नीट बोलतो, नजरेला नजर देतो.’ आयसाच्या 40 मुद्द्यांपैकी प्रत्येक वर्तन दिवसाचा किती वेळ दिसते यावर 1 ते 5 गुण द्यायचे असतात. घरच्यांना न विचारता तो अंदाज कोणत्याही तज्ज्ञाला येणार नाही. हा मुलगा अनोळखी माणसासमोर घोकलेली चार वाक्ये बोलतो आणि घरी येऊन दोन दिवस अंथरुणातून उठत नाही. ते दोन दिवस कोणी विचारलेच नाहीत.

मानसिक आजाराच्या बाजूला वेगळा घोळ आहे, आणि त्यात आपल्यालाच काही करता येण्यासारखे आहे. आयडियाज पट्टीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व आकलन, आणि काम या चार बाबींना प्रत्येकी 0 ते 4 गुण. त्यात आजाराच्या कालावधीचे गुण मिळवायचे. एकूण 7 झाले की 40 टक्के. 6 वर काहीच नाही. कालावधी दोन वर्षांच्या आत असेल तर 1 गुण, दहा वर्षांपेक्षा जास्त असेल तर 4. आता ज्या माणसाला चार बाबींत मिळून 5 गुण मिळतात, त्याच्या फाईलमध्ये फक्त गेल्या वर्षीची चिठ्ठी असेल तर बेरीज 6 होते आणि दाखला हुकतो. शाळेत असताना सुरू झालेल्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी जोडलेली असेल तर बेरीज 9 होते. माणूस तोच, आजार तोच. फरक एका पिवळ्या पडलेल्या कागदाचा.

आपल्या वसईत तो कागद सहसा सापडत नाही. लग्नाच्या गोष्टी फिसकटतील म्हणून चिठ्ठ्या फाडल्या जातात, औषध दूरच्या दवाखान्यातून आणले जाते, वाडीत कोणाला कळू नये म्हणून नाव सांगताना आजार ‘डोकेदुखी’ होतो. ऑटिझम असलेल्यांच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते. उदास बसला तर ‘त्याचा स्वभावच तसा’, जेवण सोडले तर ‘त्याचे हट्ट’. नैराश्य सुरू होऊन किती वर्षे झाली, हे कागदावर कधी येतच नाही.

म्हणून सहकाऱ्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. आमच्याकडे आलेल्या फायलींत विशेष शिक्षकांचे, मानसशास्त्रज्ञांचे, समुपदेशकांचे अहवाल आहेत, आणि त्यातले बरेच आम्हाला पसंत पडले नाहीत. ‘सदर व्यक्ती ऑटिस्टिक असून तिला साहाय्याची गरज आहे’ या एका वाक्याने बोर्ड काय करणार? आंघोळ कोणाच्या आठवणीने होते, एकट्याने रिक्षा करता येते का, नोकरी किती दिवस टिकली आणि का सुटली, पगाराचा हिशेब कळतो का, हे लिहायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आपल्यातले अनेक जण देत नाहीत. मुलगा अठरा वर्षांचा होऊन शाळेतून बाहेर पडला की त्याची नोंदवही कपाटात जाते, आणि दहा वर्षांनी आई ती मागायला येते तेव्हा ती मिळत नाही. ज्याच्याकडे त्या मुलाचा सातवीतला अहवाल आहे त्याच्याकडे त्याच्या हक्काचा पुरावा आहे, हे लक्षात ठेवा.

आकडे मात्र फुगवू नका. 2024 मधल्या पूजा खेडकर यांच्या दिव्यांग दाखल्यांच्या प्रकरणानंतर न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाकडे प्रत्येक बोर्ड संशयाने पाहू लागले आहे. लबाडीने लाभ घेणाऱ्याला 2016 च्या कायद्याच्या कलम 91 मध्ये शिक्षा आहे आणि ती असायलाच हवी. पण संशयाला उत्तर तपासणीने द्यायचे असते. अर्जदाराला न तपासता परत पाठवणे म्हणजे पडताळणी नव्हे. एका खोट्या दाखल्याची भरपाई शंभर खऱ्या अर्जदारांकडून वसूल करण्याचा हा प्रकार अधिकाऱ्यांनी थांबवावा.

पैशांविषयी थोडेच लिहितो, कारण तिथे वाद घालण्यासारखे काही नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता महिना 2,500 रुपये मिळतात, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवे. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांच्याही आत. नालासोपाऱ्यात एका खोलीचे भाडेही त्यात भागत नाही. प्रौढ दिव्यांगाचे उत्पन्न आईबापांच्या उत्पन्नात मोजणे बंद होईपर्यंत हे अनुदान बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर राहणार. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आपल्या राज्यात 2022 मध्ये जाहीर झाला. त्या विभागाने ही मर्यादा बदलून दाखवावी.

जिल्हा शल्यचिकित्सकांना आमचे मागणे साधे आहे. ऑटिझम आणि मानसिक आजार असलेल्या प्रौढांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी तपासावे. त्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ दोघेही हजर हवेत. शांत खोलीत, सकाळची पहिली वेळ द्यावी, सोबतच्या माणसाला बोलू द्यावे. याला नवा शासन निर्णय लागत नाही, वेळापत्रकात बदल केला तरी पुरते.

आणि वाचकांसाठी. यूडीआयडीच्या अर्जात एकाहून अधिक दिव्यांगत्वे नोंदवा. नंतर तोंडी सांगून ती वाढत नाहीत. पोचपावती जपा, कारण 2024 च्या दुरुस्तीनंतर निर्णयाची मुदत तीन महिने आहे आणि मुदत मोजायला तारीख लागते. ‘जमणार नाही’ असे तोंडी सांगितले तर खिडकीवरून हलू नका. नकार लेखी आणि कारणासह देणे नियमानेच बंधनकारक आहे, तो मागून घ्या. एकच निदान लिहिलेला दाखला हाती पडला तर घरच्या अडचणीपुरता तो वापरा, पण 2016 च्या कायद्याच्या कलम 59 खाली अपील दाखल करा. पालकांना अपिलाचा मसुदा जमत नसेल तर तो आपण लिहून द्यायचा आहे. त्यासाठी शुल्क घेऊ नये, अशी आमची सर्व सभासदांना विनंती आहे. ज्यांच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत त्यांनी हा महिना संपण्यापूर्वी त्या बाहेर काढाव्यात, स्वच्छ प्रती काढून त्या त्या घरी पोचवाव्यात.