गीझर सारखा बंद पडतो तेव्हा



थंडी सुरू झाली की भालकीहून येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. तुरीचा भाव, कुणाची सोयरीक, हे सगळं मागे पडतं आणि आई पहिल्याच वाक्यात म्हणते, "अरे, गीझर पुन्हा गेला."

गेल्या डिसेंबरात हे तीन आठवडे चाललं. मी पुण्यात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जे पहिलं औषध, तेच मी फोनवरून दिलं : बंद करून पुन्हा चालू करा. मग दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) मेन स्विच बंद करून स्टुलावर चढायचे, गीझरचं खालचं झाकण काढायचे आणि आतलं लाल बटण दाबायचे. दोन दिवस गरम पाणी, तिसऱ्या दिवशी पुन्हा गार. सत्तरीच्या माणसाला ओल्या न्हाणीत स्टुलावर चढवतोय, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

मध्ये एकदा आई सहज म्हणाली होती, "बंद पडायच्या आधी पाणी फारच कढत येतं बघ." मी मीटिंगमध्ये होतो. 'हं' म्हटलं आणि सोडून दिलं.

शेवटी दादांनी गल्लीतला एक मिस्त्री बोलावला. त्याने दहा मिनिटांत काम उरकलं. "डायरेक्ट कर दिया चचा, अब बंद नै होता." आणि खरंच, गीझर बंद पडायचा थांबला. आई खूश. म्हणाली, "आता पाणी इतकं कडकडीत येतं की अर्धी बादली विसण घालावं लागतं. नळ सोडला की आधी वाफच येते."

वाफ म्हटल्यावर मात्र मी लॅपटॉप मिटला. "आई, आत्ताच्या आत्ता मेन बंद करायला सांग. मी येईपर्यंत पाणी चुलीवर तापवा." शुक्रवारी रात्री बिदरची गाडी पकडली.

आता आत काय असतं ते सांगतो. टाकीत तापणारी कॉइल, म्हणजे एलिमेंट. पाणी ठरलेल्या तापमानाला, साधारण 60 अंशांच्या आसपास, पोचलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि पाणी निवलं की पुन्हा जोडतो. त्याच्यामागे पहारेकरी म्हणून थर्मल कट-आउट. थर्मोस्टॅट चुकला आणि तापमान फार वर गेलं, तर हा वीज तोडतो, आणि आपणहून पुन्हा जोडत नाही. ते लाल बटण त्याचंच. म्हणजे बटण दाबावं लागतंय याचा अर्थ बटण बिघडलंय असा नसतो. तरीही पाणी तापतच राहिलं, तर दाब बाहेर सोडायला टाकीला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो.

शनिवारी मेन काढला, टेस्टर लावून पाहिला, झाकण उघडलं. कट-आउटच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी लावलेली. थर्मोस्टॅटचे आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटलेले, म्हणजे तो वीज तोडतच नव्हता. पाणी उकळीकडे जायचं आणि कट-आउट इमानदारीने रोज आम्हाला वाचवायचा. त्यालाच आम्ही बाजूला केलं होतं. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलून पाहिली. पांढऱ्या क्षारांनी तो पार जाम झाला होता. बंद टाकी, उकळतं पाणी आणि वाफेला वाट नाही, अशा भांड्याखाली आई चार दिवस अंघोळ करत होती.

मी बाहेर येऊन ओट्यावर बराच वेळ बसलो. दादांनी विचारलं, "काय झालं रे?" मी म्हटलं, "काही नाही, पार्ट बदलावे लागतील."

थर्मोस्टॅट, कट-आउट आणि व्हॉल्व्ह तिन्ही नवे, आयएसआय मार्क बघून आणले आणि माहितीतल्या वायरमनकडून बसवून घेतले. गीझर सारखा बंद पडत असेल तर आधी एकच प्रश्न विचारा : त्या वेळी पाणी कसं होतं? कढत असेल तर थर्मोस्टॅटवर संशय घ्या. कोमट असतानाच बंद पडत असेल तर बहुतेक क्षार.

हा दुसरा प्रकार कलबुर्गीला बहिणीच्या घरी बघायला मिळाला. तिच्याकडे बोअरचं पाणी. एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर बोटभर जाड पांढरं कवच. आतली उष्णता पाण्यात जाण्याआधी तिथेच कोंडते, शेजारचा कट-आउट तापतो आणि पाणी कोमट असतानाच वीज तोडतो. त्या भागात नवल नाही. आपल्या घराघरांत जी शहाबादी फरशी आहे, तो चुनखडीचाच दगड. वाडी, सेडमकडचे सिमेंटचे कारखानेही त्याच चुनखडीवर चालतात. जमिनीखालच्या पाण्यात ती विरघळून येते आणि तापवलं की पुन्हा दगड होऊन एलिमेंटवर बसते. भालकीकडे चुनखडी नसली तरी काळ्या मातीखालच्या बोअरचं पाणीही जडच.

बहिणीचं एलिमेंट लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवलं, सकाळी कवच सुटलं. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, धातू खातं. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, टाकीऐवजी स्वतः गंजायला ठेवलेला. जड पाण्यात तो लवकर संपतो. दर दिवाळीला तो तपासा आणि गाळ काढून घ्या. तापमान 50-55 अंशांवर ठेवलं तर क्षारही कमी बसतात.

पाणी तापायला वेळ लागतो ही तक्रार मात्र वेगळी. 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टला 20 अंशांचं पाणी 60 वर न्यायला 21 मिनिटं घेतो. पहाटे शेतातले पंप सुरू होऊन व्होल्टेज 180 वर आलं की तेच 34 मिनिटांवर जातं. गीझर बिचारा ठीक असतो.

आणि गीझरचं बटण न पडता घराच्या बोर्डातला आरसीसीबी पडत असेल, तर एलिमेंटला तडा जाऊन वीज पाण्यात उतरत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी वायरमन येईपर्यंत गीझर लावायचा नाही. तिथेही कुणी 'डायरेक्ट' करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

तुमचेही आईवडील गावी आणि तुम्ही हैदराबाद-पुण्यात असाल, तर या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर त्यांना सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलायला सांगा. मेन बंद, टाकी गार, हात कोरडे. पाण्याची धार आली तर व्हॉल्व्ह चालू आहे.

आमच्या गीझरला आता वर्ष होत आलं, लाल बटणाला हात लागलेला नाही. विसणाची बादली मात्र आईने अजून न्हाणीतच ठेवली आहे. परवा म्हणाली, "असू दे, कुठे खायला मागते?"